अनुकृत परिचालन प्रणालीतील प्रारंभण-दोष

एका संगणकावर दुसऱ्या, बहुधा जुन्या, संगणकाचे कार्य आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणण्याच्या क्रियेस अनुकरण म्हणतात आणि हे कार्य करणाऱ्या आज्ञावलीस अनुकारक किंवा एम्युलेटर असे म्हणतात. अशा अनुकृत संगणकाला स्वतःचा प्रक्रियक, स्मृती, हार्ड डिस्क, पडदा इ. सर्व भाग असतात. मात्र ते प्रत्यक्षात यजमान संगणकातील आज्ञावलीचेच व्यापार असतात. त्याची हार्ड डिस्क म्हणजे यजमान संगणकावरील एक मोठी फाइल होय. तीवर परिचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, खऱ्या संगणकाप्रमाणेच बसविता येते. प्रणाली बसविण्याचे काम निर्वेध पार पडावे आणि संगणक पुन्हा सुरू करताच पडदा काळा राहावा किंवा एखादा त्रोटक संदेश दाखवून सर्व काही थांबावे, हा या क्षेत्रातील अगदी नेहमीचा अनुभव आहे. प्रस्तुत नोंदीत या दोषाची कारणे व शोधनाची रीत मुख्यतः विंडोज ९५ (१९९५) व विंडोज ९८ (१९९८) या प्रणालींच्या आधारे दिली आहे. कारण जुन्या प्रणालींपैकी याच प्रणालींचे अनुकरण सामान्य वापरकर्त्याला वारंवार करावे लागते.

अनुकरणाची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा तिच्या ग्राहकांजवळ १४०१ या आधीच्या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलींचा मोठा साठा होता. तो वाया जाऊ नये म्हणून नव्या यंत्रावर जुन्या यंत्राच्या आज्ञा पाळण्याची सोय करण्यात आली. वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत केव्हिन लॉटन यांचा बॉक्स (१९९४) व फाब्रिस बेलार यांचा क्यूईएमयू (२००३) हे अनुकारक प्रसिद्ध आहेत. व्हीएमवेअर कंपनीच्या १९९९ मधील आज्ञावलीने थोडा निराळा मार्ग धरला. तीत अतिथी प्रणालीच्या बहुतेक आज्ञा यजमानाच्या खऱ्या प्रक्रियकावरच चालविल्या जातात. यास आभासी यंत्र म्हणतात. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. पुढे येणाऱ्या एका दोषाचे मूळ त्यातच आहे.

मराठी वाचकाला या विषयाचे एक जवळचे प्रयोजन आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून झाली. त्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या व संस्थांच्या अक्षरसंचांतून जुळविला जाई आणि प्रत्येकाची अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत वेगळी असे. पेजमेकरसारख्या आज्ञावलीत जुळविलेले त्या काळातील पुस्तक किंवा दिवाळी अंक आज उघडू पाहता अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, किंवा फाइल उघडतच नाही. मूळ अक्षरसंच, मूळ आज्ञावली व मूळ प्रणाली एकत्र चालू करणे हा ती पाने जशी होती तशी पाहण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय होय. अशा वेळी प्रणाली सुरू न होणे म्हणजे मजकूर हाताशी असून तो वाचता न येणे होय.

प्रारंभणाची साखळी : संगणक चालू झाल्यापासून प्रणाली कार्यान्वित होईपर्यंतच्या क्रियेस प्रारंभण म्हणतात. व्यवहारात यालाच ‘बूट होणे’ असे म्हटले जाते. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून हा शब्द आला असून तो समर्पक आहे. कारण डिस्कवरील आज्ञावली वाचण्यासाठी आज्ञावली हवी आणि ती तर डिस्कवरच आहे, असा हा पेच असतो. तो टप्प्याटप्प्याने सोडविला जातो. प्रथम बायोस नावाची, कायम स्मृतीत साठविलेली छोटी आज्ञावली चालू होते. ती यंत्रसामग्रीची तपासणी करून ठरलेल्या क्रमाने फ्लॉपी, सीडी व हार्ड डिस्क पाहते आणि हार्ड डिस्कवरील अगदी पहिला, ५१२ बाइटांचा, सेक्टर स्मृतीत आणून त्याच्या हाती कारभार देते. या सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइटांत षोडशमान पद्धतीने ५५ व एए ही खूण असावी लागते. याच सेक्टरमध्ये डिस्कच्या विभागांचे कोष्टक असते. त्यात जास्तीत जास्त ४ नोंदी मावतात व त्यांपैकी एका विभागावर ‘सक्रिय’ अशी खूण असते. पहिल्या सेक्टरमधील आज्ञावली सक्रिय विभागाचा पहिला सेक्टर वाचते, तो आयओ.एसवायएस ही फाइल शोधतो. ती फाइल प्रणालीचा डॉस भाग उभा करते आणि त्यानंतर विन.कॉम मार्फत विंडोजचा ३२ बिटी भाग व त्याच्या चालक आज्ञावली स्मृतीत येतात.

या साखळीतील प्रत्येक दुव्याला फक्त पुढच्या दुव्याचा पत्ता ठाऊक असतो. पत्ता चुकला की तो दुवा एखादे वाक्य पडद्यावर टाकून थांबतो, किंवा काहीही न बोलता थांबतो.

प्रणाली बसविताना ही साखळी वापरली जात नाही, हे ध्यानात घेतल्यास दोषाचा उलगडा पुष्कळसा होतो. बसविण्याचे काम फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून सुरू झालेल्या वेगळ्या, लहान प्रणालीच्या आधारे चालते. विंडोज ९५ चा स्थापना कार्यक्रम तर विंडोज ३.१ च्या एका छाटलेल्या आवृत्तीत चालतो. ज्या ३२ बिटी चालक आज्ञावली पुढे वापरावयाच्या, त्यांपैकी एकही त्या वेळी कार्यान्वित नसते. फाइली डिस्कवर उतरल्या एवढेच त्यातून सिद्ध होते. डिस्कचा पहिला सेक्टर, सक्रिय विभाग, नियंत्रक, प्रक्रियकाचा वेग या सर्वांची पहिली परीक्षा पुनःप्रारंभाच्या क्षणी होते. ‘बसविताना तर सर्व ठीक चालले होते’ ही तक्रार म्हणूनच दोषाविषयी फारसे काही सांगत नाही.

दोषशोधनाची रीत : काहीही बदलण्यापूर्वी डिस्कच्या फाइलची प्रत काढून मूळ फाइल बाजूस ठेवावी. दुरुस्तीच्या बहुतेक आज्ञा डिस्कवर लिहितात. जुन्या संगणकावरून उतरवून घेतलेल्या, एखाद्याच्या कागदपत्रांनी भरलेल्या डिस्कच्या बाबतीत ही काळजी न घेणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय. खऱ्या यंत्रावर दुर्मिळ असलेली ही सोय अनुकरणात एका फाइलची नक्कल करण्याइतकी सोपी आहे.

त्यानंतर साखळीतील कोणता दुवा खात्रीने चालला ते ठरवावे. याचे साधन म्हणजे पडद्यावरचे शेवटचे वाक्य. प्रारंभणयोग्य साधन सापडत नाही असे बायोसच सांगत असेल, तर प्रणालीचा दोष शोधणे व्यर्थ आहे. डिस्क जोडलेलीच नाही, चुकीच्या नियंत्रकाला जोडली आहे, किंवा तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये अपेक्षित खूण नाही, असे समजावे. याउलट स्थापना कार्यक्रमच पुनःपुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा सीडी काढावयाची राहिलेली असते व क्रमात ती हार्ड डिस्कच्या आधी असते. काही अनुकारकांत डिस्कवरील बदल तात्पुरते ठेवण्याचा पर्याय असतो. तो चुकून निवडला गेल्यास अनुकारक बंद होताच संपूर्ण स्थापना नाहीशी होते आणि डिस्क कोरीच्या कोरी दिसते.

‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ व ‘इन्व्हॅलिड पार्टिशन टेबल’ ही वाक्ये डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील आज्ञावलीची आहेत. म्हणजे बायोसचे काम तेथवर झाले आहे. पहिल्या वाक्याचा अर्थ सक्रिय विभागाच्या आरंभी योग्य सेक्टर मिळाला नाही, असा होतो. दुसऱ्याचा अर्थ कोष्टकातील नोंदी परस्परविसंगत आहेत, असा. विभागांवर सक्रिय खूणच नसणे हे तर नवशिक्यांच्या बाबतीत फार आढळते. एफडिस्क या आज्ञावलीत संपूर्ण डिस्कचा एकच विभाग केला असता ती खूण आपोआप केली जाते. डिस्कचा काही भागच वापरला असता ती स्वतंत्रपणे करावी लागते. तसा इशारा पडद्यावर येतो खरा, पण तो वाचण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी कोणी नसते. ‘इन्व्हॅलिड सिस्टिम डिस्क’ हा संदेश त्यापुढच्या दुव्याचा असून विभाग सापडला पण आयओ.एसवायएस मिळाली नाही, असे तो दर्शवितो. प्रारंभणाच्या फ्लॉपीवरून एसवायएस ही आज्ञा देऊन ती फाइल पुन्हा जागेवर बसविता येते.

डिस्कची फाइल एका अनुकारकातून दुसऱ्यात नेल्यावर उद्‌भवणारा दोष अधिक फसवा असतो. जुने बायोस सेक्टरचा पत्ता सिलिंडर, शीर्ष व सेक्टर अशा तीन अंकांनी देत. या पद्धतीत १,०२४ सिलिंडर, १६ शीर्षे व ६३ सेक्टर ही मूळ मर्यादा धरल्यास डिस्क ५२,८४,८२,३०४ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. मोठ्या डिस्कसाठी शीर्षांची संख्या वाढवून दाखविण्याच्या युक्त्या योजण्यात आल्या. पण प्रत्येक बायोसची युक्ती सारखी नसते. परिणामी एकात लिहिलेला पत्ता दुसऱ्यात भलत्याच सेक्टरकडे नेतो. फाइली सुरक्षित असतात, फ्लॉपीवरून सुरू केल्यास कधीकधी दिसतातही, पण प्रारंभण होत नाही. येथे मूळ भूमिती नव्या अनुकारकात भरणे एवढाच उपाय असतो. डिस्क पुन्हा विभागणे हा नव्हे.

‘स्टार्टिंग विंडोज ९५’ ही ओळ दिसली की आतापर्यंतचे सर्व दुवे निर्दोष आहेत असे मानावे. त्या क्षणी एफ ८ ही कळ दाबली असता (विंडोज ९८ मध्ये कंट्रोल कळ दाबून धरल्यास) एक यादी येते. तीतून चालक आज्ञावली एकेक करून चालविता येतात, तसेच बूटलॉग.टीएक्सटी या फाइलमध्ये प्रत्येकीची नोंद घेता येते. जिचा आरंभ नोंदलेला आहे पण यश नोंदलेले नाही, अशी शेवटची ओळ दोषाच्या अगदी जवळ नेते.

या टप्प्यावरचा सर्वांत शिकण्यासारखा दोष ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ या नावाने ओळखला जातो. विंडोज ९५ च्या काही चालक आज्ञावलींना थोडा वेळ थांबण्याचे माप लागते. ते काढण्यासाठी त्या एक रिकामे आवर्तन ठरावीक वेळा फिरवितात, त्यास लागलेला काल मोजतात आणि त्या कालाने भागाकार करतात. १९९५ मधील प्रक्रियकांवर हे गणित निर्दोष होते. प्रक्रियक इतका वेगवान झाला की मोजलेला काल जवळजवळ शून्य येऊ लागला, तेव्हा भागाकार अशक्य झाला आणि प्रणाली सुरू होतानाच कोसळू लागली. ३५० मेगाहर्ट्‌झ व त्यापुढील एएमडी के६-२ प्रक्रियकांवर हे प्रथम ठळकपणे दिसले. जाळ्याशी संबंधित एनडीआयएस या चालक आज्ञावलीतील असाच दोष २.१ गिगाहर्ट्‌झहून अधिक वेगाच्या प्रक्रियकांवर विंडोज ९८ मध्येही आढळला. दोन्हींवर मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या काढल्या होत्या. संदेशात आयओएस किंवा एनडीआयएस हे नाव येत असल्याने कोणती दुरुस्ती हवी ते कळते. आभासी यंत्रात खऱ्या प्रक्रियकाचा पूर्ण वेग अतिथी प्रणालीपर्यंत पोहोचतो, म्हणून हा दोष तेथे हटकून उद्‌भवतो. पेंटियमसारख्या जुन्या प्रक्रियकाचा वेगही जसाच्या तसा राखणाऱ्या ८६बॉक्ससारख्या अनुकारकात तो उद्‌भवत नाही. येथे संथपणा हा गुणच ठरतो.

स्मृतीच्या बाबतीत असाच उलटा प्रकार घडतो. या प्रणालींना सु. ५१२ मेगाबाइटांहून अधिक स्मृती दिल्यास फाइलींसाठी राखीव ठेवावयाची जागा इतकी वाढते की इतर कामांना पत्ते उरत नाहीत आणि स्मृती अपुरी असल्याचा संदेश येतो. संदेशाचा शब्दार्थ घेणारा मनुष्य स्मृती आणखी वाढवितो. विंडोज ९५ ला ६४ मेगाबाइट स्मृती पुष्कळ होते.

विंडोज एनटी व तीपासून निघालेल्या विंडोज एक्सपीसारख्या प्रणालींत निराळा दोष प्रमुख आहे. बसविताना डिस्क एका प्रकारच्या नियंत्रकाला जोडलेली असून नंतर तो बदलल्यास, नव्या नियंत्रकाची चालक आज्ञावली प्रारंभणाच्या वेळी उपलब्ध नसते व निळ्या पडद्यावर ७बी हा क्रमांक येतो. नियंत्रक पूर्ववत केल्यास प्रणाली सुरू होते. अलीकडील प्रणालींत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. एका पद्धतीत बसविलेली प्रणाली दुसऱ्या पद्धतीत सामान्यतः सुरू होत नाही. शिवाय यूईएफआयमध्ये कोणती प्रणाली सुरू करावयाची याची नोंद डिस्कवर नसून यंत्राच्या स्थायी स्मृतीत असते. ही स्मृती अनुकारकाने वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवली नाही, तर डिस्क जशीच्या तशी असूनही तिचा पत्ता हरवतो.

विंडोज ९५ व ९८ बाबत आणखी एक दोष अलीकडच्या काळात ध्यानात आला. स्मृतीच्या पत्त्यांचे कोष्टक बदलल्यावर प्रक्रियकाने जवळ ठेवलेली जुनी टिपणे रद्द करावी लागतात. या प्रणाली काही ठिकाणी ते करीत नाहीत. जुन्या प्रक्रियकांवर ही चूक वर्षानुवर्षे लपून राहिली. अलीकडील काही प्रक्रियकांवर, विशेषतः एएमडीच्या रायझन मालिकेत, आभासी यंत्रामध्ये ती उघड होते आणि प्रणाली बसविताना किंवा पहिल्याच प्रारंभणात कोसळते. मायक्रोसॉफ्टने या प्रणालींचे साहाय्य २००६ पर्यंत थांबविलेले असल्याने यावरील दुरुस्ती हौशी तंत्रज्ञांनी केली असून ती मूळ फाइलींत स्थापनेपूर्वी किंवा फ्लॉपीवरून नंतर घालता येते. ती घालावयाची नसल्यास प्रक्रियकाचे यंत्रसाहाय्य बंद करून केवळ आज्ञावलीने अनुकरण करावे. वेग बराच घटतो, परंतु जुनी पाने उघडून ती छापून किंवा चित्ररूपाने बाहेर काढण्यास तो पुरतो.