सी स्क्वर्टच्या अंड्यात परके जनुक घालताना

सिओना हा बंदरांच्या धक्क्यांना, दोरखंडांना आणि बोटींच्या तळाला चिकटून राहणारा, पाणी गाळून जगणारा सी स्क्वर्ट. प्रौढ सिओनाकडे पाहून त्याचे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांशी नाते असेल असे वाटत नाही. त्याची अळी मात्र बेडकाच्या पिल्लासारखी पोहते आणि तिच्या शेपटीत, कणा असलेल्या प्राण्यांच्या भ्रूणात असतो तसा, पृष्ठरज्जू असतो. रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी १८६६ मध्ये हे दाखवून दिले. अळीचे सारे शरीर सुमारे २,६०० पेशींचे आणि पृष्ठरज्जू फक्त ४० पेशींचा. त्यामुळे कोणती पेशी कोठून आली आणि पुढे तिचे काय झाले, याचा माग काढता येतो.

अंड्यात परके जनुक घालण्याच्या प्रयोगासाठी प्रौढ प्राणी कापून अंडी आणि शुक्राणू वेगवेगळे काढले जातात. सिओना उभयलिंगी असला तरी स्वतःच्या शुक्राणूंनी त्याची अंडी सहसा फळत नाहीत. म्हणून एकाची अंडी दुसऱ्याच्या शुक्राणूंत मिसळतात. यानंतरचा टप्पा नाजूक असतो. अंड्याभोवतीचे कवच असेपर्यंत डीएनए आत शिरत नाही. ते थायोग्लायकोलेट आणि प्रथिने पचवणारे विकर यांच्या द्रावणात विरघळवतात. द्रावणात थोडा वेळ कमी पडला तर कवच तसेच राहते, जास्त झाला तर अंडी खराब होतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकावरून नजर हटवता येत नाही. उघडी पडलेली अंडी प्लास्टिकला चिकटून फाटतात, म्हणून बशीच्या तळाला आधी अगारोज किंवा जिलेटिनचा थर दिलेला असतो.

फलनानंतर पहिले विभाजन व्हायला जेमतेम तासभर लागतो, आणि पुढचे काम तेवढ्यात उरकावे लागते. अंडी मॅनिटॉलच्या द्रावणात प्लाझ्मिड डीएनएबरोबर मिसळून चार मिलिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये ओततात. मग सुमारे ५० व्होल्टचा एकच झटका, तोही काही मिलिसेकंदांचा. पेशीच्या पटलाला क्षणभर छिद्रे पडतात, डीएनए आत जातो, छिद्रे बुजतात. सूक्ष्म सुईने एकेक अंडे टोचायचे तर दिवसभरात थोडीच अंडी हाताखालून जातात. इथे एका झटक्यात शेकडो भ्रूण तयार होतात. या पद्धतीची खरी ताकद हीच. १८ अंश सेल्सिअसला साधारण १८ तासांत अळी तयार होते, म्हणजे सकाळच्या प्रयोगाचे उत्तर दुसऱ्या दिवशी हाती असते.

मायकेल लेव्हीन यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये या पद्धतीने पृष्ठरज्जू घडवणाऱ्या ब्रॅक्युरी जनुकाचा ४३४ बेस-जोड्यांचा नियामक भाग शोधला. त्याला जोडलेले खूणजनुक फक्त पृष्ठरज्जूत रंग दाखवत होते. असा नियामक भाग हाती आला की त्याच्या मागे हवे ते जनुक जोडून ठरावीक ऊतीतच चालू करता येते. हृदयपेशींच्या पूर्वज पेशींत एट्स या नियंत्रक प्रथिनाचे सदा सक्रिय रूप घातल्यावर काही पिल्लांत एका कप्प्याऐवजी दोन कप्प्यांचे धडधडणारे हृदय तयार झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही थक्क करतो. २०१४ पासून क्रिस्पर-कॅस९ हे जनुक कापणारे साधन याच वाटेने आत जाऊ लागले. कॅस९ एखाद्या ऊतीपुरतेच चालू केले की जनुक तेथेच तुटते, उरलेला भ्रूण बहुतांशी नीट वाढतो.

मर्यादाही आहेत. झटक्याने आत गेलेला डीएनए सहसा गुणसूत्रात गुंफला जात नाही. विभाजनात तो पेशींमध्ये असमान वाटला जातो, म्हणून एकाच अळीत काही पेशी रंगतात, काही कोऱ्या राहतात. कवच काढल्याने डाव्या-उजव्या बाजूंची मांडणीही बिघडते. शरीराच्या असममितीवरचे प्रयोग करताना हे विसरले तर निष्कर्षच चुकतो. बदल पुढच्या पिढीत टिकवायचा असेल, तर मिनोस नावाचा, मूळचा फळमाशीतील, जागा बदलणारा डीएनए वापरतात. जपानमधील शास्त्रज्ञांनी त्याच्या साहाय्याने सिओनाच्या स्थिर वंशरेषा तयार केल्या आहेत.