विश्लेषण : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम बदलावेत का? आणि बदलले तर कुणाच्या मर्जीने?

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच ‘डी अँड डी’ खेळणाऱ्यांना एक सूचना वाचायला मिळाली. सप्टेंबरमध्ये खेळाचे नवे नियमपुस्तक येणार होते. त्याबरोबर ‘डी अँड डी बियाँड’ या अधिकृत संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तयार केलेल्या पात्रांचे मंत्र आणि जादूच्या वस्तू आपोआप नव्या नियमांवर जातील, असे त्यात म्हटले होते. जुनेच मंत्र हवे असतील, तर ते खेळाडूने स्वतः पुन्हा नोंदवायचे. २०१४ ची पुस्तके डिजिटल स्वरूपात पैसे मोजून विकत घेतलेले खेळाडू भडकले. काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. वाद मिटला, पण खेळाचे नियम कधी, किती आणि कुणी बदलायचे, हा त्यामागचा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे.

हा खेळ नेमका काय आहे?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिलेल्यांना टेबलाभोवती बसलेली ती चार मुले आठवत असतील. ती खेळतात तो हाच खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, ‘डन्जन मास्टर’ गोष्ट सांगतो आणि एखादी कृती जमली की फसली, हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. एकच मोहीम, म्हणजे एकच सलग गोष्ट, दर आठवड्याला भेटून वर्षानुवर्षे चालू शकते. नियम बदलले की बुद्धिबळात फक्त पुढचा डाव बदलेल. इथे अर्ध्यावर आलेली गोष्ट आणि दोन-तीन वर्षे जपलेले पात्र बदलते. खेळाडूंची चिडचिड समजून घ्यायची तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

मग नियम बदलतातच कशाला?

कारण काही नियम खरोखरच वाईट असतात. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला ‘थॅको’ घ्या. त्या वेळी चिलखत जितके चांगले, तितका त्याचा आकडा कमी, अगदी शून्याच्याही खाली. समजा तुमच्या योद्ध्याचा थॅको १७ आणि समोरच्या राक्षसाचे चिलखत ४. सतरातून चार वजा करा, म्हणजे फाशावर किमान १३ पडायला हवेत. चिलखत उणे २ असेल, तर १७ वजा उणे २, म्हणजे १९. रात्री अकरा वाजता, चहाच्या तिसऱ्या कपानंतर हे गणित चुकणारच.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे उलटे केले. चांगल्या चिलखताचा आकडा मोठा. फासा टाका, तुमचा बोनस मिळवा, बेरीज चिलखताएवढी किंवा त्याहून जास्त झाली की वार लागला. वरचेच उदाहरण नव्या पद्धतीत मांडले, तर बोनस ३ आणि चिलखत १६. म्हणजे पुन्हा किमान १३ हवेत. वार लागण्याची शक्यता दोन्हीकडे तीच, ४० टक्के. राक्षस जितका कठीण होता तितकाच राहिला, वजाबाकी तेवढी गेली. असा बदल नाकारायला सबळ कारण सापडत नाही.

काही नियम काळाबरोबर खटकू लागतात. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री पात्रांच्या शारीरिक ताकदीला पुरुष पात्रांपेक्षा कमी कमाल मर्यादा होती. आगीचे गोळे फेकणाऱ्या जगात एवढीच गोष्ट वास्तवाला धरून का ठेवली, हे कोडेच आहे. १९८९ मध्ये तो नियम गेला.

आणि काही नियमांचा त्रास फक्त खेळूनच कळतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘कॉन्जर अ‍ॅनिमल्स’ या मंत्राने एकाच वेळी आठ लांडगे बोलावता येत. कळपात असताना लांडग्याला प्रत्येक हल्ल्यासाठी दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. म्हणजे एका खेळाडूच्या एका पाळीत सोळा फासे, आणि बाकीचे मोबाइल बघत बसलेले. २०२४ मध्ये त्याच मंत्राने प्राण्यांचा एकच मायावी कळप येतो आणि इजेचा हिशेब सोपा होतो. कागदावर वाचताना जुना मंत्र जास्त मजेदार वाटतो, पण टेबलावर नवा बरा.

बदल फसला असे कधी झाले?

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत. तिने नियम स्वच्छ केले, लढाया नेमक्या केल्या. मात्र योद्धा असो वा जादूगार, सगळ्यांच्या क्षमता जवळपास एकाच साच्यात बसवल्या. हा आपला खेळच नाही, अशी अनेक जुन्या खेळाडूंची भावना झाली. त्यांच्याकडे पर्यायही होता. तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीनेच २००० मध्ये खुल्या परवान्याखाली दिले होते. त्यांच्या आधारे पैझो या कंपनीने २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला आणि नाराज मंडळी तिकडे गेली. ‘डी अँड डी’ची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट यातून शिकली असे दिसते. पाचव्या आवृत्तीचे मसुदे तिने २०१२ पासून सुमारे दोन वर्षे खेळाडूंकडून जाहीरपणे तपासून घेतले.

फारसे न बदलताही भागते का?

भागते. १९८१ मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ थुलू’ या भयखेळाचा गाभा सातव्या आवृत्तीपर्यंत जवळपास तोच आहे. २०१४ च्या या आवृत्तीत पात्राचे गुण टक्केवारीत मांडले गेले. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आज खेळायची, तर ताकद, चपळाई वगैरे आकड्यांना मुख्यतः पाचने गुणायचे. पाचचा पाढा येत असेल, तर जुनी पुस्तके रद्दीत जात नाहीत. ‘डी अँड डी’त हा खर्च मोठा आहे. २०२४-२५ मध्ये आलेल्या तीन मुख्य पुस्तकांची छापील किंमत प्रत्येकी सुमारे ५० डॉलर, म्हणजे संच साधारण साडेबारा हजार रुपयांचा.

अ‍ॅपमुळे काय बदलले?

पूर्वी नवी आवृत्ती आली, तरी कपाटातल्या जुन्या पुस्तकातली अक्षरे बदलत नसत. ज्यांना १९८९ चे नियम आवडतात, ते आजही तेच खेळतात. विझार्ड्सची पालक कंपनी हॅसब्रोने २०२२ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतले. तेव्हापासून नियम लिहिणारा आणि खेळाडूंचे पात्र सांभाळणारा एकच झाला. त्यामुळेच ऑगस्ट २०२४ मधली सूचना शक्य झाली.

नव्या नियमांना कंपनीने सहावी आवृत्ती म्हटले नाही. हे पाचव्या आवृत्तीचेच सुधारित रूप असून जुन्या साहसकथा त्यावर चालतील, अशी तिची भूमिका. कथा चालतात हे खरे. पात्रांचे मात्र तसे नाही. जखम भरणारा ‘क्युअर वुंड्स’ मंत्र पूर्वी आठ बाजूंचा एक फासा देई, आता दोन देतो. पॅलाडिन हा धर्मयोद्धा पूर्वी एकाच पाळीत लागलेल्या प्रत्येक वारावर आपला दैवी प्रहार जोडू शकत होता, आता पाळीत एकदाच. मोहिमेच्या मध्यात एका सोमवारी अ‍ॅप उघडावे आणि आपल्या योद्ध्याचा हुकमी डाव गायब असावा, याला सुधारणा म्हणणे अवघड आहे. सॉफ्टवेअरमध्येही चालू यंत्रणेवर वापरकर्त्याला न विचारता मोठा बदल लादत नाहीत. निदान लादू नये, असे कॉलेजात शिकवतात.

मोहीम सुरू असलेल्यांनी काय करावे?

घाई करू नये. २०१४ च्या नियमांचा पाया जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आणि तो परवाना मागे घेता येत नाही. २०२४ च्या नियमांचा पायाही २०२५ मध्ये तसाच खुला झाला. चालू गोष्ट जुन्या नियमांवर संपवून पुढची नव्यावर सुरू करणे सर्वांत सोपे. मध्येच बदलायचे असेल, तर सगळ्यांनी एकदम बदलावे. एका पात्राचा मंत्र जुना आणि शेजारच्याचा नवा, अशी सरमिसळ झाली की भांडण ठरलेले. आणि एखादाच नवा नियम आवडला, तर तेवढाच उचलायला डन्जन मास्टरला कुणाची परवानगी लागत नाही. अ‍ॅपवर २०१४ चा मजकूर आता ‘लेगसी’ असा शिक्का लावून दिसतो, नवे पात्र तयार करताना तेवढे पाहून घ्यावे.