कपाटात ठेवलेली हार्ड डिस्कही म्हातारी होते

लग्नाचे, बारशाचे फोटो हार्ड डिस्कवर भरायचे, ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि निर्धास्त व्हायचं, ही अनेक घरांतली रीत. वापर नाही तर झीज कुठली, हा त्यामागचा समज. डिस्कबद्दलच्या साऱ्या गैरसमजांत सगळ्यात जास्त आठवणी यानेच बुडवल्या असाव्यात.

आत काच किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वाचणारं हेड त्यांना टेकत नाही; हवेच्या थरावर, काही नॅनोमीटर वर तरंगतं. म्हणजे चकती घासून घासून झिजते हेही खरं नाही. थकतं ते बाकीचं: मोटरचं बेअरिंग, हेड, चकतीवरचं वंगण, सर्किट बोर्ड. यातलं बरंचसं डिस्क बंद असतानाही होत राहतं. जुन्या डिस्कमध्ये बंद होताना हेड चकतीवरच विसावायचं. फार काळ पडून राहिलं की ते चिकटून बसे आणि मोटरला चकती हलवता येत नसे. नंतरच्या डिस्कमध्ये हेड बाजूला नेऊन ठेवतात, त्यामुळे हा दोष बराच कमी झाला. पण दमट हवेत बोर्डावरच्या जोडांना गंज धरतो, तो धरतोच. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दुसरा समज, सॉफ्टवेअरने प्रकृती ‘उत्तम’ दाखवली की काळजी मिटली. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडून कुठल्याच नोंदीत बिघाडाची खूण दाखवली नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट निघाली. तेव्हा इशारा मिळाला तर तो खरा माना. मिळाला नाही तर निश्चिंत राहू नका. डिस्क मुख्यतः उष्णतेने मरते, हा समजही त्या अभ्यासात टिकला नाही. तापमानाचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला.

खोक्यावरचं ‘१० लाख तास’ म्हणजे तुमची डिस्क ११४ वर्षं चालेल असं नव्हे. ती अनेक डिस्कची मिळून काढलेली सरासरी असते. त्या हिशेबाने वर्षाला शंभरात एखादीही डिस्क जायला नको. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००७ च्याच अभ्यासात प्रत्यक्ष बदलाव्या लागलेल्या डिस्कचं प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के होतं, आणि ते वयाबरोबर वाढत गेलं.

फॉरमॅट मारला की बॅड सेक्टर बरे होत नाहीत. डिस्क ती जागा टाळून राखीव जागा वापरते, एवढंच. फ्रीझरमध्ये तर ठेवूच नका, आत दव धरतं.

एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून ती अमर असं मानणारेही आहेत. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसताना तो भार हळूहळू गळतो. ठरलेली लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला, विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच मानकाची अपेक्षा आहे.

म्हणून कपाटातली ती डिस्क या आठवड्यातच बाहेर काढा, जोडा आणि फोटो खरोखर उघडतात का ते पाहा. लगेच दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करा आणि आणखी एक घराबाहेर, भावंडाकडे किंवा क्लाउडवर ठेवा. आतून टकटक आवाज आला, तर पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. वीज काढा आणि थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.