झाडीपट्टीतील तीनचाकी कोण दुरुस्त करणार?

शिबिरात तीनचाकी सायकल मिळते. मान्यवरांच्या हस्ते वाटप होते, फोटो निघतो आणि टेम्पोत घालून सायकल गावी जाते. पुढचे कोणी विचारत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत रस्ता म्हणजे कुठे डांबर, कुठे मुरूम आणि कुठे धानाच्या बांध्यांमधून गेलेली पांदण. एका पावसाळ्यात चेन गंजते, स्पोक तुटतात, बेअरिंगमध्ये चिखल जातो. सायकलचे दुकान बाजाराच्या गावी असते आणि दुकानदार म्हणतो, "ही आमच्याकडची गाडी नाही." मग ती पडवीत उभी राहते, तिच्यावर सरपण रचले जाते. तिचा मालक पुन्हा भावाच्या किंवा मुलाच्या सवडीची वाट पाहतो. रेशन आणायचे असो की बँकेतून निराधार योजनेचे पैसे काढायचे असोत, कोणीतरी मोकळे असल्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नाही.

हा विषय दानधर्माचा म्हणून नेहमी लिहिला जातो. या पानावर आपण त्याकडे धंद्याच्या नजरेने पाहू. सायकल दुरुस्ती, वेल्डिंग, टायर रिमोल्डिंग, चप्पल बनवणे, अलीकडे ई-रिक्षाची दुरुस्ती, ही कामे करणारे कारागीर आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. अपंग माणसाला स्वतःच्या बळावर जगता यावे म्हणून जी साधने लागतात, ती या कारागिरांना मुळीच परकी नाहीत.

वरोऱ्याचे उदाहरण

चंद्रपूर जिल्ह्यातच याचा मोठा पुरावा आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ जमिनीवर आनंदवनाचे काम सुरू केले. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये होते. त्यांनी विहीर खोदली, भाजी पिकवली, पण गिऱ्हाईक मिळेना. कुष्ठरुग्णाच्या हातची भाजी घ्यायला गाव तयार नव्हते. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक तेथे राहिले, रुग्णांबरोबर जेवले, बांधकाम केले. तेव्हा कुठे लोकांची भीती कमी होऊ लागली. पुढे आनंदवनात हातमाग, छपाई, लोखंडी काम असे अनेक उद्योग उभे राहिले. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, हा बाबांचा हिशेब होता. २००८ मध्ये ते गेले. हिशेब अजून चुकीचा ठरलेला नाही.

पण बोटे वाकलेल्या, स्पर्श न कळणाऱ्या हाताने हातोडी धरायची कशी? येथेच तंत्र कामाला येते आणि ते फार महागडे नसते. हत्याराची मूठ जाड करायची, तिच्यावर कापडाच्या किंवा जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या, म्हणजे वाकलेल्या बोटांत ती बसते. तव्याला, पातेल्याला लाकडी दांडा लावायचा, म्हणजे भाजल्याचे न कळणारा हात वाचतो. कोणत्याही सुतार-लोहाराला हे काम अर्ध्या तासाचे आहे. मात्र ते त्या माणसाला समोर बसवून, त्याच्या हाताचे माप घेऊन करावे लागते.

चप्पल, पण खिळ्याशिवाय

कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेली की काटा टोचलेला कळत नाही. माणूस तसाच चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते आणि शेवटी पाय कापावा लागतो. यावर उपाय म्हणून १९५०च्या सुमारास वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्य पादत्राणांवर काम सुरू केले. त्यातून 'एमसीआर' म्हणजे बारीक हवेची छिद्रे असलेल्या मऊ रबराची चप्पल प्रचारात आली. आज राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू रुग्णाला वर्षाला दोन जोड देण्याची तरतूद आहे. औषधोपचार मोफत असून सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. पण मेलेली शीर परत येत नाही, म्हणून ही चप्पल पुढे आयुष्यभर लागते. देशपातळीवर २००५ मध्ये कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले तरी या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण अजून सापडतात.

चप्पल बनवणाऱ्या भावांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आत मऊ रबर आणि खाली कडक, काटा आत न शिरणारा तळ हवा. मऊ रबर अंगठा व बोट यांत दाबले की निम्म्यापर्यंत दबले पाहिजे आणि सोडताच परत फुगले पाहिजे. खिळा अजिबात वापरू नये. शिवण किंवा चिकट द्रावणच वापरावे. एक खिळा वर आला तर तो पाय गेला म्हणून समजा. मागे टाचेला पट्टा हवा, कारण संवेदना नसलेल्या पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. बकलाऐवजी वेल्क्रो लावावा, कारण वाकलेल्या बोटांना बकल लागत नाही. वाटपातली चप्पल पुष्कळदा वेगळी दिसते, रोग्याची म्हणून ओळखू येते आणि म्हणून लोक ती घालत नाहीत. रंग व घाट बाजारातल्या चपलेसारखा ठेवला तर हीच वस्तू आनंदाने घातली जाईल. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्यांनाही मऊ, खिळा नसलेली चप्पल लागते आणि असे लोक आता गावोगावी आहेत.

टायरच्या दुकानात सापडलेला पाय

जयपूरचा कृत्रिम पाय सर्वांना माहीत आहे. तो घडवणारे मास्टर रामचंद्र शर्मा जयपूरच्या सरकारी रुग्णालयात कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवायला आलेले, शाळेत फारसे न शिकलेले कारागीर होते. त्यांची सायकल पंक्चर झाली, ते दुकानात थांबले आणि तेथे ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवताना त्यांनी पाहिले. त्यातून रबराचे पाऊल तयार झाले. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासोबत हा पाय वापरात आला. परदेशी पायाला बूट लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. हा पाय घालून माणूस अनवाणी चिखलात उतरू शकतो. धान लावणाऱ्याला आणखी काय हवे?

गडचिरोलीतही अशा विचाराची साक्ष आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींना बाळाचा निमोनिया ओळखता यावा म्हणून मण्यांची चौकट आणि एका मिनिटाची वाळूची घडी असे साधन बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला की धोका. वीज नको, डॉक्टरची वाट नको.

आता धंद्याचे

कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी १९७२ पासून आहे आणि केंद्राची साधन-वाटप योजना १९८१ पासून. गाडी फुकट किंवा सवलतीत मिळत असल्याने नवीन गाडी विकण्यात लहान दुकानदाराने पैसा गुंतवू नये. खरी उणीव दुरुस्तीची आहे. हाताच्या तीनचाकीत रिम, स्पोक, ट्यूब, चेन, फ्रीव्हील हे बहुतेक सायकलचेच असते. वेगळी असते ती चौकट. चाकाचा आस जेथे चौकटीला जोडलेला असतो, तेथे खड्ड्यांचा मार बसून वेल्डिंग तडकते. नुसते पुन्हा वेल्डिंग करू नका, कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा लावा.

व्हीलचेअरची पुढची चाके बारीक असतात. ती रुग्णालयाच्या फरशीसाठी बनवलेली, मुरुमात रुततात. राल्फ हॉचकिस या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या अमेरिकन इंजिनीअरने १९८० पासून निकाराग्वातील अपंग तरुणांबरोबर काम करून, स्थानिक लोखंड आणि बाजारात मिळणारे भाग यांतून बनणारी खुर्ची तयार केली. तिला पुढे रुंद रबरी चाक असते. ते झिंबाब्वेत निघाले, म्हणून त्या देशाच्या नावानेच ओळखले जाते. टायर रिमोल्डिंगवाल्याला असे चाक अवघड जाऊ नये.

बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीचा घोळ वेगळा. अनेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी ठेवली आणि चार्ज केली नाही, तर शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून ती निकामी होते आणि लोक गाडीलाच दोष देतात. मोटार व कंट्रोलर ई-रिक्षाच्याच जातीचे, फक्त लहान. ई-रिक्षा उघडणाऱ्या मिस्त्रीला ते नवे नाही.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. ग्रामपंचायत व नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दुरुस्तीचा खर्च त्यातून मिळावा असा अर्ज ग्रामसभेत देता येतो. दुकानदाराने छापील बिल द्यावे म्हणजे सरपंचाला सबब उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गाडीचा मालकच मिस्त्री बनवणे. अपंगांना धंद्यासाठी कर्ज देणारे केंद्राचे महामंडळ १९९७ पासून आहे, राज्याचेही आहे. बसून करायचे काम, गाडीची अडचण स्वतः भोगलेली. असा माणूस आपल्या दुकानात सहा महिने शिकायला ठेवा.

सुरुवात आठवडी बाजारापासून करता येईल. ज्या दिवशी गावोगावचे लोक येतात त्या दिवशी एक पेटी घेऊन बसावे: दोन ट्यूब, चेनचे तुकडे, बेअरिंगच्या गोळ्या, ग्रीस, स्पोकची चावी. आणि दुकानावर ठळक अक्षरांत लिहावे, येथे तीनचाकीही दुरुस्त होते.