फॅन बेल्ट घेताना खाचा बघा

चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगन, पिंपरीला टाटा मोटर्स. गाड्या आपल्या दारात बनतात, पण म्हणून दुकानातला प्रत्येक फॅन बेल्ट मूळ प्रतीचाच असेल असं नाही. आधी पाठीवरचा छाप वाचा. ‘६पीके१२००’ म्हणजे सहा धारा आणि १२०० मिलिमीटर लांबी. छाप पुसट असेल किंवा बोटानं घासल्यावर निघत असेल, तर तो बेल्ट घेऊ नका.

जुने निओप्रीनचे बेल्ट तडकायचे, त्यामुळे तडे मोजून अंदाज यायचा. आताचे चांगले बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. ते सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. वरून बेल्ट ठणठणीत दिसतो, पण खाचा रुंद झालेल्या असतात. मग पकड सुटते आणि अल्टरनेटर नीट चार्ज करत नाही.

बेल्ट किंचाळतो? चालू इंजिनवर धारांच्या बाजूला लांबूनच थोडं पाणी फवारायला मेकॅनिकला सांगा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली बहुधा सरळ रेषेत नाही; वाढला तर ताण कमी आहे. नवा बेल्ट टाकताना टेन्शनरची पुली हातानं फिरवून बघा. खरखरली, तर तीही बदला.