अर्ध्या मिलिमीटरचा साग

घराचं रंगकाम निघालं की माळ्यावरून जे काय खाली उतरतं, त्यात स्पीकरची जुनी जोडी हमखास असते. कोपरे फुगलेले, डोक्यावर कधीतरी कुंडी ठेवल्याचं पांढरं कडं, जाळीचं कापड उसवलेलं. वायर जोडून पाहावी तर आवाज ठणठणीत! मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा सुताराला बोलावतो. सुतार बॉक्सवर टिचकी मारतो आणि म्हणतो, ‘मायका मारून टाकू की, साहेब.’

इथे त्याला थांबवावं. सनमायका ओट्याखालच्या कपाटांना ठीक. सत्तरच्या दशकातल्या चांगल्या स्पीकरवर मुळात खऱ्या लाकडाचा पापुद्रा, म्हणजे व्हिनियर असायचं. साग, अक्रोड, क्वचित शिसवी. ते गेलं असेल तर पुन्हा लाकूडच चढवावं, आणि ते घरच्या घरी किंवा हौशी सुताराकडून करून घेण्यासारखं काम आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. याने आवाज सुधारत नाही. दोन फूट उंच, फूटभर रुंद आणि जवळपास तेवढ्याच खोलीचा बॉक्स धरा. त्याच्या दोन्ही बाजू, माथा आणि तळ मिळून साधारण अर्धा चौरस मीटर भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सागाचं तेवढ्या क्षेत्रफळाचं वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम होतं. दहा-बारा किलोच्या बॉक्सला त्याचं सोयरसुतक नाही. हे काम डोळ्यांसाठी आहे. तसं कबूल केलं की बाकीचे निर्णय सोपे होतात: डोळ्याला हवं ते बाहेर करावं आणि आत हात लावू नये.

आत हात का लावायचा नाही, याचं उत्तम उदाहरण बीबीसीचं. बाह्यप्रसारणाच्या गाडीत मावेल असा एलएस ३/५ए नावाचा इवलासा स्पीकर त्यांच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात तयार केला. उंची जेमतेम फूटभर. जाड फळीऐवजी बर्चचं पातळ प्लायवूड, आणि त्याचा कंप मारायला आतून डांबरी पत्रे. आतल्या कोपऱ्यांना आधाराच्या ज्या पट्ट्या असतात, त्या बीच लाकडाऐवजी पाराना पाइनच्या घातल्या तर आवाज बदलतो, अशी नोंद त्यांच्या १९७६ च्या अहवालात आहे. म्हणजे बाहेर साग लावा नाहीतर अक्रोड, कानाला पत्ता लागत नाही. आतल्या बोटभर पट्टीचं लाकूड बदललं की लागतो. आपला सुतार मात्र ‘मजबुतीसाठी’ आतून दोन पट्ट्या ठोकायला नेहमी उत्सुक असतो.

आत बदल करायचा नसला तरी स्पीकर उघडावा लागतोच. उघडताना वूफरच्या मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवावा आणि कोणती वायर धन टोकाची, ते चिकटपट्टी लावून लिहावं. सुटा काढलेला वूफर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुसऱ्या खोलीत. त्याचं चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतं, तो कीस कॉइलच्या फटीत अडकला की कायमची खरखर. स्क्रूड्रायव्हरही हातातून ओढला जातो आणि थेट कागदी कोनात घुसतो. वूफरच्या कडेची फोमची रिंग बोटाने दाबून पाहावी. आपल्या दमट हवेत हा फोम काही वर्षांत चुरा होतो. तसा झाला असेल तर ती रिंग बदलून घ्यायची हीच वेळ. आतली ग्लासवूल किंवा कापूस जसाच्या तसा परत भरायचा असतो, फेकायचा नसतो. ग्लासवूलला हात लावताना हातमोजे आणि मास्क हवाच.

वूफर निघाला की त्याच्या भोकाची कड नीट पाहा. बॉक्सची सगळी जन्मकुंडली तिथे दिसते. पिवळसर भुशाचे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, आडवे-उभे थर दिसले तर प्लाय. सगळ्यात वर केसाएवढी लाकडाची रेघ असेल तर खरं व्हिनियर. प्लास्टिकची झिल्ली नखाने उचकटत असेल तर लाकडाचं चित्र छापलेलं व्हिनाइल. स्वस्त स्पीकरमध्ये ते सर्रास असे. व्हिनाइलवर काहीही चिकटवू नये. हीट गनने किंवा हेअर ड्रायरने गरम करत सावकाश सोलून काढावं, मागे राहिलेला गोंद थिनरने पुसावा. जुनं व्हिनियर घट्ट बसलेलं असेल तर ते काढायची गरज नाही. पॉलिश आणि मेण घासून काढलं की त्याच्यावरच नवं बसतं. आणि नुसता रंग उडाला असेल, पापुद्रा शाबूत असेल, तर नवं व्हिनियर आणूच नका. घासून पॉलिश करा. निम्म्या जोड्यांना एवढंच पुरतं, असा माझा अंदाज आहे.

फुगलेला कोपरा ही वेगळी भानगड. पार्टिकल बोर्डाने पाणी प्यायलं की भुसा फुलतो आणि पुन्हा बसत नाही. तिथे पातळ इपॉक्सी मुरवायचं, दोन्ही बाजूंना प्लास्टिक आणि फळीचे तुकडे लावून क्लॅम्पने दाबायचं, वाळलं की घासून सपाट करायचं. राहिलेले खड्डे भुसा आणि फेविकॉल कालवून भरावेत. या पायरीवर आळस नको. खालचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक खिळ्याचं डोकं वरच्या पापुद्र्यातून दिसतं, आणि पॉलिश चढल्यावर तर चमकून दिसतं. तळव्याने चाचपावं, डोळ्यावर भरवसा ठेवू नये.

आता खरेदी. मुंबई-पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये ‘व्हिनियर दाखवा’ म्हटलं की दुकानदार आठ बाय चारची शीट काढतो. ते तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवलेलं व्हिनियर असतं, कपाटं आणि दारांसाठी. ते बॉक्सला लावलं की प्रत्येक बाजू चार मिलिमीटरने फुगते, कोपऱ्यांवर प्लायची धार उघडी पडते आणि जाळीची चौकट तिच्या खाचेत बसत नाही. आपल्याला हवं असतं सुटं व्हिनियर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं, गुंडाळी होणारं. ते मागूनच घ्यावं लागतं. कागद किंवा फ्लीसची पाठ असलेलं मिळालं तर नवशिक्यासाठी उत्तम, फाटत नाही. दुकानदार ‘रिकॉन’ही पुढे करेल. हलक्या जातीचं लाकूड रंगवून, दाबून, पुन्हा कापून केलेलं. रेषा मोजून आखल्यासारख्या सरळ. हॉटेलच्या लॉबीला ते शोभतं. जुन्या स्पीकरवर मला ते परकं वाटतं.

खरी गंमत जोडी जुळवण्यात आहे. झाडाच्या ओंडक्यातून व्हिनियर पानापानाने निघतं आणि लागोपाठच्या दोन पानांवरच्या रेषा जवळजवळ सारख्या असतात. एक पान डाव्या स्पीकरला, पुढचं उजव्याला, तेही वहीच्या पानांसारखं उलटून लावलं, तर दोन्ही बॉक्स एकमेकांचं प्रतिबिंब होतात. यासाठी दुकानात गठ्ठ्यातली सलग पानं मागायची. वरवरची दोन ‘सारखी’ निवडू नयेत, नंबर सलग आहेत का ते पाहावं. उभ्या सरळ रेषांचा क्वार्टर कट घ्यायचा की डोंगरासारख्या कमानींचा क्राउन कट, ही आवडीची बाब. अरुंद बॉक्सवर क्राउनची कमान मधोमध आली नाही तर तिरपं वाटतं, म्हणून मी क्वार्टरच्या बाजूचा. एका लांब पानातून डावी बाजू, माथा, उजवी बाजू अशी सलग पट्टी निघाली, तर रेषा कोपऱ्यावरून वाहत जातात. हे काम ज्याने एकदा पाहिलं, त्याला तुकडे जोडलेला स्पीकर पुन्हा आवडत नाही.

चिकटवण्याच्या दोन रीती. सुतारांच्या हातची रीत म्हणजे रबरी सोल्युशन: दोन्ही अंगांना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. जोडलं की संपलं, सरकवता येत नाही. म्हणून मध्ये पातळ पट्ट्या ठेवून व्हिनियर वर तरंगतं ठेवतात, एका टोकाकडून एकेक पट्टी काढत दाबत जातात. पण पाठ नसलेल्या पातळ व्हिनियरमधून थिनरचं पॉलिश खाली झिरपतं, आणि हे सोल्युशन सुटून बुडबुडे येतात. घरच्यासाठी इस्त्रीची रीत बरी. पांढरा फेविकॉल दोन्ही अंगांना एकसारखा पसरायचा, पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यायचा, मग व्हिनियर ठेवून वरून कागद घालून इस्त्रीने मधून कडेकडे दाबत न्यायचं. उष्णतेने गोंद पुन्हा मऊ होतो आणि धरतो. व्हिनियर थोडं आकसतं, म्हणून चारी बाजूंनी बोटभर जास्त कापावं. आधी तळ, मग बाजू, शेवटी माथा, म्हणजे वरून पाहताना सांधा दिसत नाही. नखाने टकटक करून पाहा: पोकळ आवाज आला तिथे ब्लेडने रेषेच्या दिशेने बारीक चीर द्यायची, इंजेक्शनच्या सुईने गोंद घालायचा, पुन्हा इस्त्री.

कडा छाटताना कटर नवा हवा, आणि पॉलिश पेपरचा ठोकळा नेहमी व्हिनियरकडून बॉक्सकडे ओढायचा. उलटा ओढला की काठाची कपची उडते. सँडर मशीन कपाटात ठेवा. अर्धा मिलिमीटर ते काही सेकंदांत खाऊन टाकतं. हाताने, १८० मग २४०, रेषेच्या दिशेने.

पॉलिशचं काम पावसाळ्यात काढू नये. ओल्या हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, हे कोणताही जुना पॉलिशवाला सांगेल. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ थर चढवत गेलं की सागाला जी आब येते, ती फवाऱ्याने येत नाही. पण गरम कप किंवा ओली कुंडी ठेवली की डाग. ज्या घरात स्पीकरवर वस्तू ठेवल्या जाणारच, तिथे मॅट मेलामाइन किंवा पीयू. अळशीचं तेल सगळ्यात सोपं, फक्त तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत. दोन्ही बॉक्स एकाच उजेडात ठेवायचे, हेही लक्षात असू द्या. सागाचा रंग उन्हाने सोनेरी होत जातो, अक्रोडाचा फिकटतो. एक खिडकीपाशी आणि दुसरा कोपऱ्यात राहिला, तर वर्षभरात जोडी फुटते.

परत जोडताना दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावून पाहावा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन सहसा बाहेर येतो. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर तबल्यातला डग्गाच गायब होतो. बंद पेटीचा स्पीकर असेल तर वूफरखालचं गॅस्केट नवं घाला, हवा कुठून निसटता कामा नये. आणि जाळीचं कापड निवडताना रंगाआधी ते ओठांपाशी धरून फुंकर मारावी. फुंकर अडखळली तर ते कापड परत करा, ट्विटरचा आवाजही तिथेच अडखळेल.