दुखणं थांबलं, म्हणजे सांधा बरा झाला असं नाही

- स्नायुबंध हाडाला हाड जोडतो. कंडरा स्नायूला हाडाशी.
- घोटा मुरगळणे: सौम्य असल्यास बरे व्हायला साधारण 1 ते 3 आठवडे.
- एसीएल: गुडघ्याच्या आतला स्नायुबंध. कबड्डी, फुटबॉलमध्ये अचानक वळताना तुटतो. शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाचीच कंडरा बसवतात. ती मुरायला कित्येक महिने लागतात. सूज आणि वेदना त्याआधीच ओसरतात. घाई होते ती इथेच. मैदानावर परतायला किमान 9 महिने धरावेत.
- सचिन तेंडुलकर: टेनिस एल्बो, म्हणजे कोपराजवळच्या कंडरेची दुखापत. शस्त्रक्रिया मे 2005. पुनरागमन ऑक्टोबरमध्ये, नागपुरात श्रीलंकेविरुद्ध, 93 धावा.
- नाशिककरांसाठी: गुडघ्याच्या दुखापतीनंतर सुरुवात गोल्फ क्लब मैदानावर सपाट चालण्याने. पांडवलेणीच्या पायऱ्या अगदी शेवटी. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो.